उंदरांच्या वाटा बंद करताना : एका कौलारू घराच्या प्रकल्प नोंदी

१४ एप्रिल २०२४

दापोली तालुक्यातील आमचे घर सासऱ्यांनी १९६१ साली बांधले. भिंती जांभ्या चिऱ्यांच्या असून ते चिरे मातीत बसवलेले आहेत, वर वासे, रिपा आणि मंगळुरी कौले आहेत, आणि माजघर व स्वयंपाकघर यांच्यावर फळ्यांचा माळा आहे. या घरात उंदीर नव्हते असे एकही वर्ष सासूबाईंना आठवत नाही. दर पावसाळ्यात पिंजरा लागतो, बाजारातून औषध येते, आणि दिवाळीपर्यंत सारे पूर्ववत होते. गेल्या वर्षी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पिंजऱ्यात एकोणीस उंदीर सापडल्याची नोंद मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत केली होती. तरीही दसऱ्याच्या सुमारास विहिरीवरच्या पंपाची वायर कुरतडली गेली आणि माळ्यावरच्या दिव्याच्या जोडणीत ठिणग्या उडाल्या. वर लाकूड, खाली नारळाची सुकी सोडणे, म्हणजे सालपटे, आणि मध्ये उघडी पडलेली तार हे दृश्य पाहिल्यानंतर मला नीट झोप लागलेली नाही.

इतके उंदीर पकडूनही त्यांचा वावर कमी होत नसेल, तर ते बाहेरून येत आहेत आणि रिकामी झालेली जागा लगेच भरून काढत आहेत, हे उघड आहे. उंदरीण सुमारे तीन आठवड्यांत विते आणि एका वेताला सहा-आठ पिले होतात. पिंजरा त्या वेगाला पुरणारा नाही. म्हणून यंदा आधी घरात येण्याच्या सर्व वाटा शोधायच्या, त्या पाऊस लागण्यापूर्वी बंद करायच्या, आणि पकडण्याचे काम त्यानंतर करायचे असे ठरवले आहे. पावसाचे पाणी शेताच्या बांधांतील बिळांमध्ये शिरले की तेथील उंदीर कोरड्या जागेच्या शोधात घरांकडे येतात, त्यामुळे आमच्या हाती जेमतेम सात-आठ आठवडे आहेत.

२० एप्रिल

पाहणी पूर्ण झाली. संध्याकाळी रांगोळीची पूड चाळणीने भिंतींच्या कडेने, चुलीमागे, न्हाणीघराच्या उंबऱ्यावर आणि माळ्याच्या शिडीपाशी पातळ पसरली आणि सकाळी विजेरी तिरपी धरून ठसे पाहिले. उंदीर मोकळ्या जागेतून सहसा जात नाही. मिशा आणि अंग भिंतीला लावत तो रोज त्याच वाटेने चालतो. त्यामुळे रांगोळीत त्याच्या पावलांची रेघ भिंतीला समांतर उमटते आणि मध्ये शेपटीचा ओरखडा दिसतो. रोजच्या वाटेवर अंगाच्या तेलाने आणि धुळीने काळपट चिकट डाग पडतात. असे डाग मला पाच वाशांवर, बरोबर वाशाने भिंतीवर टेकावे त्या ठिकाणी, दिसले.

लेंड्या पट्टी लावून मोजल्या. स्वयंपाकघरातील लेंड्या तांदळाच्या दाण्याएवढ्या, पाच मिलिमीटरच्या आतल्या. म्हणजे तेथे घरातला लहान उंदीर आहे. माळ्यावरच्या लेंड्या सेंटिमीटरभर लांब आणि दोन्ही टोकांना निमुळत्या; हा वर चढणारा काळा उंदीर, जो तारांवरून, फांद्यांवरून आणि वाशांवरून सहज फिरतो. परसात न्हाणीच्या पाण्याच्या चरीजवळ उकरलेल्या मातीचे ढीग आहेत आणि बिळाच्या तोंडात माझी मूठ जाते, ती घूस. प्रत्येकीचा बंदोबस्त वेगळा आहे, आणि आजवर आम्ही तिघांसाठी एकच पिंजरा एकाच कोपऱ्यात लावत होतो.

चिचुंद्रीही दिसली. ती उंदराच्या कुळातली नाही, झुरळे व किडे खाते, आणि वायरी किंवा कपडे कुरतडत नाही. तिला मारायचे नाही असे घरात सर्वांना सांगितले आहे.

भोके मोजण्यासाठी शिसपेन्सिल वापरली. जेथे पेन्सिल आत जाते तेथे लहान उंदीर जाऊ शकतो, कारण कवटी आत गेली की बाकीचे अंग तो दाबून ओढून घेतो. सहा-सात मिलिमीटरची फट त्याला पुरते. मोठ्या उंदराच्या पिलाला साधारण अर्धा इंच लागतो. खडूने क्रमांक घालत गेले तेव्हा वळचण सोडून एकतीस भोके मोजली गेली. वळचणीला क्रमांक देता येत नाही, कारण भिंतीचा माथा आणि कौले यांच्यामधली फट घराभोवती सलग फिरते आणि तिची लांबी सेहेचाळीस मीटर आहे.

२७ एप्रिल

आज फक्त अन्नाचा विचार केला. भात बांबूच्या कणगीत असतो. कणगी शेणाने सारवलेली असली तरी तळाशी दोन ठिकाणी कुरतडलेली निघाली. सुक्या बोंबलांचा आणि सुकटीचा प्लास्टिकचा डबाही कडेने खाल्लेला होता. भात आणि डाळी पत्र्याच्या कोठ्यांत, मासळी घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, आणि माळ्यावरचे नारळ खाली, जमिनीपासून दीड फूट उंच केलेल्या मांडणीवर भिंतीपासून हातभर अंतर ठेवून, अशी सोय केली. मांजरीसाठी रात्रभर ठेवलेला दूधभात आता संध्याकाळीच उचलला जाईल.

देवघराबद्दल मात्र जपून बोलावे लागले. निरांजनातील तुपाची वात उंदीर ओढून नेतो, कधी ती तेवत असतानाही नेतो, आणि जुन्या घरांना अशा वातींनी आगी लागल्याच्या गोष्टी आमच्याकडे प्रत्येक वाडीत सांगितल्या जातात. सासूबाई रात्री समई शांत करत नाहीत. मी त्यांना म्हटले, "आई, समई विझवायची नाही, पण काचेची हंडी ठेवूया का तिच्यावर?" त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि म्हणाल्या, "हंडी ठेव. आमच्या सासूबाईही परात पालथी घालायच्या वातीच्या ताटलीवर, मीच विसरले." नैवेद्याची वाटी आरतीनंतर लगेच आत आणायची हेही त्यांनीच ठरवले.

५ मे

सामान आले आणि गवंडी कामाला लागले. पाव इंची, जस्त चढवलेली वेल्डमेश जाळी हा या कामाचा कणा आहे. डासांची नायलॉनची जाळी, थर्माकोल, लाकडाची खुंटी, फवारून भरायचा फोम यांपैकी एकही वस्तू उंदराला अडवू शकत नाही. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते झिजवण्यासाठी त्याला सतत काहीतरी कुरतडावेच लागते. लाकूड, प्लास्टिक आणि कच्चा गिलावा हे सारे त्याच्या दातांपुढे टिकत नाही. पोलादी पत्रा, जाड तारेची जाळी आणि पक्के काँक्रीट एवढ्यांवरच विसंबता येते.

भिंतीतील भोकांची पद्धत गवंड्यांशी बोलून अशी ठरली. प्रथम दर्जांमधली, म्हणजे चिऱ्यांच्या सांध्यांमधली, सैल माती खरवडून काढायची, भोकात जाळीचा चुरगाळलेला तुकडा घट्ट ठोकून बसवायचा, आणि त्यावर एकास चार प्रमाणाचा सिमेंट-वाळूचा माल भरून दर्जा ओढायच्या. जाळीशिवाय नुसता माल भरला, तर पहिल्याच रात्री तो ओला असताना उंदीर उकरून बाहेर काढतो. गवंडी म्हणाले, "वहिनी, आमच्या वडलांच्या वेळी मालात बाटल्यांचा चुरा घालायचे." तो जोत्याकडील भोकांमध्ये घातला, पण ज्या भिंतीला मुले हात लावतील तेथे घातला नाही.

भोके १ ते १९ झाली.

१७ मे

ही नोंद करताना मन जड आहे. मागील रविवारपर्यंत, म्हणजे १२ तारखेपर्यंत, सुतार मोकळे आहेत म्हणून आम्ही वळचणीचे काम ठरलेल्या क्रमाच्या आधीच उरकले. काम सुरेख झाले, त्याबद्दल पुढे लिहिते. पण ते दिवसा केले, आणि काळा उंदीर दिवसा माळ्यावर झोपलेला असतो याचा विचार मी केला नाही. त्यामुळे जे आत होते ते आतच कोंडले गेले. दोन रात्री वर प्रचंड खडबड झाली, एका ठिकाणी फळी आरपार कुरतडली गेली, आणि काल स्वयंपाकघरात दुर्गंधी सुटली. माळ्याच्या कोपऱ्यात, सासूबाईंच्या जुन्या नऊवारीच्या चिंध्या आणि वर्तमानपत्रांचे कपटे यांच्या घरट्यात सात पिले मेलेली होती, आणि त्यांच्याजवळ एक मादी. त्यांचा मृत्यू पाण्यावाचून झाला असणार. उंदीर घरात नको असे मला मनापासून वाटते, परंतु कोणताही जीव असा कोंडून मरावा असे मला वाटत नाही, आणि ही चूक माझी आहे.

योग्य क्रम येथे लिहून ठेवते. आधी जमिनीलगतची आणि भिंतीतील भोके बंद करावीत. वळचणीच्या फटीत रोजच्या वापराच्या दोन वाटा मुद्दाम मोकळ्या ठेवाव्यात. किमान दोन आठवडे आत सापळे लावून आणि रांगोळी टाकून पाहावे, आणि सलग चार-पाच रात्री माळ्यावर ठसा उमटला नाही, तरच त्या दोन वाटा बंद कराव्यात. आता दोन ठिकाणची जाळी पुन्हा उचकटून ठेवली आहे.

मृत उंदीर चिमट्याने उचलून दुहेरी पिशवीत घातले आणि आवाराबाहेर खोल पुरले. सासूबाईंनी जवळ कोणाला येऊ दिले नाही. प्लेगच्या काळात घरात "उंदीर पडले" की माणसे गाव सोडून रानात झोपड्या बांधून राहत, हे त्यांनी त्यांच्या आजीकडून ऐकलेले आहे. मेलेल्या उंदराच्या अंगावरील पिसवा दुसरे शरीर शोधतात, म्हणून त्यांची ती सावधगिरी योग्यच आहे.

१९ मे

वळचणीचे काम, राहिलेले वर्णन. मंगळुरी कौलांना पन्हळी असतात, त्यामुळे शेवटच्या ओळीच्या खाली प्रत्येक कौलागणिक एक अर्धचंद्राकृती पोकळी राहते, आणि शिवाय प्रत्येक वासा भिंतीवर टेकतो तेथे त्याच्या दोन्ही अंगांना फट असते. ही सारी जागा मालाने बुजवली असती, तर काम एका दिवसात झाले असते; पण मग छपराखालची हवा कोंडली असती, वासे दमटपणाने कुजले असते आणि उन्हाळ्यात माळा भट्टीसारखा तापला असता. कौलारू घर त्या फटीतूनच श्वास घेते. म्हणून तेथे केवळ जाळी हवी.

सुतारांनी जाळीच्या फूटभर रुंदीच्या पट्ट्या कापल्या, प्रत्येक वाशासाठी पुठ्ठ्याचा नमुना काढून तेवढी खाच घेतली, पट्टीची खालची कड भिंतीच्या माथ्यावर मालात दाबली आणि वरची कड शेवटच्या रिपेला चुकांनी ठोकली. कौलांच्या पन्हळीत जाळी बोटांनी दाबून गोलाईत बसवावी लागते, आणि या कामात घाई केली की नेमकी पेन्सिल जाईल एवढी फट राहते. सेहेचाळीस मीटरला साडेतीन दिवस लागले. मी खालून विजेरीचा प्रकाश टाकत होते आणि सुतार वरून जेथे उजेड दिसेल तेथे खूण करत होते. या पद्धतीने अकरा सुटलेल्या फटी सापडल्या. कौले परतण्याचे वार्षिक काम याच वेळी केल्यामुळे फुटलेली कौलेही बदलली गेली. पुढे जेव्हा जेव्हा कौले परततील, तेव्हा जाळी उचकटली जाणार नाही याकडे घरातील कोणीतरी उभे राहून पाहिले पाहिजे.

छपरावर टेकलेली आंब्याची फांदी छाटली आणि चाफ्याची डहाळीही दीड मीटर मागे घेतली. खांबावरून येणारी विजेची तार हटवता येत नाही. ती भिंतीत शिरते तेथे पत्र्याची गोल चकती बसवण्याचे काम वीजपुरवठा बंद करून तारतंत्र्यांनी केले.

२ जून

परसदाराच्या खाली अठरा मिलिमीटरची फट होती. दाराच्या तळाला बाहेरून फूटभर उंच पत्रा मारला आणि उंबरा मालाने उचलून फट पाच मिलिमीटरवर आणली. न्हाणीच्या मोरीला बिडाची जाळी बसवली. गॅसच्या नळीचे भोक नळीपेक्षा दुप्पट मोठे निघाले. तेथे तारेची घासणी ठासून वर माल लावला.

भोके १ ते ३१ पूर्ण.

१२ जून

पाऊस लागला आहे. आत उरलेल्यांसाठी सापळे लावले. विष वापरायचे नाही या निर्णयाची कारणे नोंदवते, कारण शेजारी दोघांनी पुन्हा तेच सुचवले. काळी भुकटी, म्हणजे झिंक फॉस्फाईड, पोटातील आम्लाशी संयोग पावून फॉस्फीन वायू तयार करते, आणि त्यावर उतारा नाही. पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टने माणसाचे यकृत निकामी होते आणि तिच्यावरही उतारा नाही. ती पोळीला लावून ठेवण्याची रीत लहान मुले असलेल्या घरात तर कधीच नसावी. रक्त गोठू न देणाऱ्या, ब्रोमॅडिओलोनसारख्या औषधाला जीवनसत्त्व के-१ हा उतारा आहे, परंतु त्याने उंदीर काही दिवसांनी मरतो, बहुधा भिंतीत किंवा माळ्यावर मरतो, आणि तो खाणाऱ्या मांजरीला किंवा घुबडालाही ते विष पोहोचते. आमच्या गोठ्याच्या आढ्याला गव्हाणी घुबडांची जोडी आहे. ती जोडी आणि परसातली धामण आमच्यासाठी जे काम करतात, ते कोणत्याही पुडीने होणार नाही. चिकट पुठ्ठाही नको. त्यावर जीव तासन्‌तास तडफडतो.

खटक्याचे सापळे भिंतीला काटकोनात, खटका भिंतीकडे करून ठेवले. मोठा उंदीर नव्या वस्तूला घाबरतो आणि दिवसेंदिवस तिच्या जवळ जात नाही, म्हणून माळ्यावर सहा सापळे खटका न चढवता पाच रात्री नुसतेच आमिष लावून ठेवले आणि सहाव्या रात्री चढवले. लहान उंदराला उलट कुतूहल असते, त्यामुळे स्वयंपाकघरात पहिल्याच रात्री दोन मिळाले. आमिष म्हणून भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचा तुकडा दोऱ्याने बांधणे सर्वांत उपयोगी ठरले.

२९ जून

माळ्यावर एकूण चार, स्वयंपाकघरात पाच. २३ तारखेपासून माळ्याच्या रांगोळीत एकही ठसा नाही. आज उरलेल्या दोन वाटा बंद केल्या.

७ जुलै

माळ्याची सफाई. आमच्याकडे भाताची लावणी आणि लेप्टोचा ताप हे दोन्ही एकाच महिन्यात येतात, म्हणून यावर थोडे विस्ताराने लिहिते. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदराच्या मूत्रातून पाण्यात आणि चिखलात उतरतात आणि माणसाच्या त्वचेवरील जखमेतून, भेगांतून किंवा डोळ्यातोंडातून शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतरच्या आठवड्यांत शहरात या तापाची मोठी साथ आली. अनवाणी लावणी करणाऱ्या कोकणातील शेतकऱ्याला तो धोका दर वर्षी असतो. माझ्या धाकट्या दिरांना काही वर्षांपूर्वी हा ताप झाला होता. पिंडऱ्या असह्य दुखत होत्या, डोळे लाल झाले होते, आणि साधा ताप समजून तीन दिवस घरी काढल्यामुळे पुढे मूत्रपिंडांवर आले. वेळेवर प्रतिजैविके मिळाली तर हा आजार बरा होतो. म्हणून लावणीच्या दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना "मी चिखलात काम करतो" हे आपणहून सांगितले पाहिजे.

माळा कोरड्या झाडूने झाडला नाही, कारण वाळलेल्या लेंड्यांची धूळ श्वासात जाते. खिडक्या अर्धा तास उघड्या ठेवल्या, हातमोजे घातले, नाकावर मुखपट्टी बांधली, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी फवारून दहा मिनिटे मुरू दिले आणि मग कपड्याने पुसून घेतले.

२८ जुलै

घुशीने न्हाणीघराच्या मागच्या बाजूला जोत्याखाली नवे बीळ घातले आहे. भिंतीतील भोके बंद केल्याने तिला काहीच फरक पडलेला नाही, कारण ती खालून येते. तोंडाशी चिरे रचून ठेवले, दोन दिवसांत तिने ते बाजूने उकरले. भर पावसात जोत्याजवळ खणणे धोक्याचे आहे, त्यामुळे कायमचे काम पाऊस ओसरल्यावर करावे लागेल. तूर्त खरकट्याचा खड्डा घरापासून दूर हलवला आणि न्हाणीचे पाणी नळीने माडाच्या आळ्यात सोडले, जेणेकरून तिला येथे अन्न आणि ओल दोन्ही मिळू नयेत.

५ सप्टेंबर

परवा गणपती. मुंबईहून सर्वजण येणार असल्याने सलग पाच रात्री संपूर्ण घरात रांगोळी टाकून पाहिली. माळा स्वच्छ, माजघर स्वच्छ. काल सकाळी मात्र ओटीवर लहान उंदराचे ठसे दिसले आणि मला वाटले की जाळी कोठेतरी सुटली. विजेरी घेऊन सगळे एकतीस क्रमांक तपासले. एकही उघडा नव्हता. शेवटी असे लक्षात आले की मखराचे खोके आदल्या दिवशी गोठ्यातून आणले होते, आणि तळाच्या रंगीत कागदांत घरटे होते. त्याला आम्हीच उचलून घरात आणले होते. यापुढे गोठ्यातील किंवा दुकानातील कोणतेही खोके, पोते किंवा गोणपाट अंगणात उघडून, झटकून मगच आत आणायचे.

उंदीर रात्री खटक्यात सापडला.

१७ सप्टेंबर

काल गौरीगणपतीच्या आठवणींसह पाहुणे परतले. दहा-अकरा दिवस घरात मोदक, करंज्या, लाडू आणि फळे होती, माणसे रात्री उशिरापर्यंत जागी होती आणि दारे सतत उघडी राहत होती. तरीही एकाही डब्याला दात लागला नाही. सासूबाईंनी मूर्तीसमोरच्या मूषकापुढे नेहमीप्रमाणे मोदक ठेवला आणि आरती झाल्यावर स्वतःच तो उचलून झाकला.

१९ ऑक्टोबर

भाताची कापणी सुरू आहे. शेते मोकळी झाली की तेथील उंदीर पुन्हा घरांच्या दिशेने निघतात, म्हणून घुशीचे काम याच आठवड्यात केले. न्हाणीघराच्या आणि स्वयंपाकघराच्या मागील जोत्यालगत दीड फूट खोल चर खणला आणि त्यात अर्धा इंची जाड तारेची जाळी उभी सोडली. तिची खालची कड फूटभर बाहेरच्या दिशेला, इंग्रजी एल अक्षरासारखी वळवली, मग माती चोपून भरली. घूस भिंतीला चिकटून खाली खणते आणि आडव्या जाळीवर येऊन थांबते. मागे सरून दुरून खणण्याचे तिला सुचत नाही. खणताना सापडलेल्या जुन्या बिळात दोन पायल्यांहून अधिक भात साठवलेला निघाला.

सहा महिन्यांचा खर्च, मजुरी धरून, २६,८०० रुपये झाला. त्यातील निम्म्याहून अधिक रक्कम वळचणीवर गेली.

आज महिन्याची तपासणी करताना भोके २२ आणि २३ येथील जाळीवर तांबूस डाग दिसले. ही दोन्ही भोके समुद्राच्या बाजूच्या भिंतीत आहेत आणि खाऱ्या वाऱ्याने जस्ताचा थर पावसाळ्यातच गेला आहे. तेथे स्टेनलेस स्टीलची जाळी लागेल. ती येथे मिळत नाही, चिपळूणला चौकशी करायची आहे. पश्चिमेकडील वळचणीची जाळीही शिडी लावून जवळून पाहायची राहिली आहे, त्यासाठी सुतारांना पुढच्या रविवारी बोलावले आहे.